कोरडा रब निवडताना आधी आग बघा, मग बरणी

प्रश्न असा आहे: घरी कोळशाचं ग्रिल आहे, आठ जणांसाठी चिकन करायचंय. निम्मे तुकडे बोनलेस ब्रेस्टचे, निम्मे कातडीसकट लेग पीस. कपाटात कोरड्या रबच्या, म्हणजे भाजण्याआधी चिकनला चोळायच्या कोरड्या मसाल्याच्या, तीन बरण्या आहेत. एक ब्राउन शुगर आणि स्मोक्ड पॅप्रिकाची, दुसरी लेमन-पेपर, तिसरी लाल तिखट, लसूण आणि ओरेगानोची. मागच्या वेळी पहिल्या बरणीतला रब भरपूर चोळला, रात्रभर ठेवला, तरी तुकडे वरून काळे पडले आणि आतून अळणी लागले. आता यांतला कोणता घ्यावा, की नवीन आणावा, की घरीच करावा?

तिन्ही बरण्या ठेवा. नवीन आणायची गरज नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत आणि दोन्हींचा मसाल्याच्या चवीशी संबंध नाही. काळं पडलं ते साखर आणि धग यांच्यामुळे. अळणी राहिलं ते मिठाचा हिशोब चुकल्यामुळे. मी पंचवीस वर्षं ग्रिलपुढे काढली आहेत आणि या दोन कारणांनी जेवढं चिकन बिघडलेलं पाहिलं, तेवढं बाकी कशानं नाही. माणसं मात्र दर वेळी वेगळ्या चवीची बरणी घेऊन येतात. रब निवडायचा म्हणजे झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि ठरवायचं, असंच सगळे करतात. माझा क्रम उलटा आहे. आग कशी असणार ते आधी, तुकडा कोणता ते नंतर, मीठ कुठून येणार ते त्यानंतर, आणि वास घेणं सगळ्यात शेवटी.

तरी सांगायला मिठापासून सुरुवात करतो, कारण ते समजलं की बाकीचं सोपं होतं.

रबमधल्या सगळ्या जिनसांपैकी मांसात खोलवर जाणारी वस्तू जवळजवळ एकच, ती म्हणजे मीठ. मिरे, जिरे, पॅप्रिका, थाइम यांचे वास आणि रंग देणारे घटक बहुतेक तेलात विरघळणारे असतात, आणि चिकनच्या मांसात तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यामुळे मसाला पृष्ठभागावरच राहतो, फार तर एखाददोन मिलिमीटर आत जातो. रात्रभर ठेवल्यावर ‘मसाला मुरला’ असं आपण म्हणतो, तेव्हा मुरलेलं असतं ते त्यातलं मीठ. बाकीचा मसाला ग्रिलवर ठेवायच्या दहा मिनिटं आधी लावला तरी चालतं. पटत नसेल तर करून बघा. दोन सारख्या आकाराचे ब्रेस्ट घ्या, दोघांना रात्री सारखंच मीठ लावा. एकाला रब रात्रीच चोळा, दुसऱ्याला भाजायच्या तोंडावर. शिजल्यावर दोन्हींच्या कडा कापून टाका आणि फक्त मधला भाग खाऊन बघा. मी हे शिकाऊ मुलांकडून अनेकदा करवून घेतलंय. कोणता तुकडा कुठला, हे खात्रीनं सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मीठ लावल्यावर काय घडतं ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तुकड्यावर पाण्याचे थेंब जमतात, कारण मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू परत आत शिरायला लागतं. पाऊण तासानं तुकडा पुन्हा बऱ्यापैकी कोरडा दिसतो. आत गेलेलं मीठ स्नायूंमधली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे तापल्यावर ती तितकी आवळत नाहीत आणि रस कमी गळतो. ब्रेस्टसारख्या चरबी नसलेल्या तुकड्यात हा फरक फार जाणवतो. यावरून वेळ ठरते. मीठ लावलं की लगेच ग्रिलवर ठेवा, नाहीतर निदान पाऊण तास थांबा. मधल्या वेळात तुकडा सगळ्यात ओला असतो, आणि ओल्या तुकड्याला रंग येत नाही, तो वाफवला जातो. हातात वेळ असेल तर आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकण न घालता ठेवणं सगळ्यात चांगलं. वरचा पृष्ठभाग वाळतो आणि मीठ आतपर्यंत पोचतं.

किती मीठ? बोनलेस चिकनला किलोमागे 10 ते 12 ग्रॅम, हाडासकट असेल तर 8 ते 10 ग्रॅम. वजनकाटा वापरा, हे आग्रहानं सांगतो. बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो, तर पापुद्र्यासारख्या जाड मिठाचा तोच चमचा 3 ग्रॅमच्या आसपास. पाककृतीत नुसतं ‘दोन चमचे मीठ’ लिहिलेलं असलं की त्यातून दुप्पट खारट किंवा निम्मं अळणी, काहीही निघू शकतं.

आता तुमच्या बरणीकडे या. पाकिटावरच्या घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या नावाची वस्तू सगळ्यात जास्त. ‘मीठ’ पहिलं असेल तर तुम्ही रंगीत मीठ विकत घेतलंय आणि ‘साखर’ पहिली असेल तर मसालेदार साखर. दोन्ही आपापल्या जागी कामाच्या आहेत, फक्त हातात काय आहे ते माहीत हवं. पुढे पोषणमूल्यांच्या तक्त्यात सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. समजा, 100 ग्रॅममध्ये 4,000 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. म्हणजे 4 ग्रॅम सोडियम, 10 ग्रॅम मीठ. रबमध्ये मीठ दहा टक्के झालं. किलोभर चिकनला तुम्ही असा 25 ग्रॅम रब लावला, म्हणजे दोन मोठे चमचे, तर मीठ गेलं अवघं अडीच ग्रॅम. हवं होतं दहा! चव कुठून येणार? आणि मीठ भरून काढायला तोच रब चौपट लावला, तर 100 ग्रॅमचा थर बसणार, त्यात निम्मी साखर. ‘भरपूर चोळूनही अळणी’ आणि ‘वरून काळं’ या दोन्ही गोष्टी एकाच बरणीतून अशा निघतात. उलट सोडियम 24,000 मिलिग्रॅम असेल तर मीठ साठ टक्के, आणि साधारण 17 ग्रॅम रबमध्येच मिठाचं माप पुरं होतं. तो रब हात सैल सोडून लावला की चिकन तोंडात धरवत नाही.

म्हणूनच घरचा रब मी नेहमी बिनमिठाचा करतो आणि मीठ वेगळं, वजन करून, आधी लावतो. मग मसाला पातळ लावायचा की जाड, हे जिभेवर आणि धगीवर ठरवता येतं, मिठाची भीती राहत नाही. विकतचा घ्यायचा झाला तर बिनमिठाचा शोधा. तो मिळाला नाही तर वरचा गुणाकार करा आणि जेवढं कमी पडतंय तेवढंच मीठ आधी लावून घ्या.

आता आग. माझ्या मते रबची निवड नव्वद टक्के इथेच होते.

पेटलेल्या कोळशाच्या थेट वर जाळी 250 अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. तेच निखारे एका बाजूला सारले, चिकन दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि झाकण लावलं, तर आतली हवा 150 ते 175 अंशांवर राखता येते. या दोन जागा म्हणजे दोन वेगळ्या चुली समजा. साधी साखर 160-170 अंशांच्या आसपास वितळून तांबूस व्हायला लागते, त्यापुढे थोड्याच वेळात काळी आणि कडू होते. मधात फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, भरपूर असतं आणि ते 110 अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागतं, म्हणून मधाची पावडर घातलेले रब आणखी लवकर करपतात. थेट निखाऱ्यावर साखरेचा रब पाच मिनिटांत काळा होतो. तेवढ्या वेळात ब्रेस्ट आत कच्चाच असतो. मग तो शिजेपर्यंत जाळीवर ठेवावा लागतो आणि वरची कडू पापडी जाड होत जाते. सुरुवातीच्या वर्षांत एका समारंभात चाळीस माणसांचे लेग पीस मी असेच घालवले होते. वरची कातडी सगळ्यांनी काढून बाजूला ठेवली. त्या दिवसापासून साखरेचा रब लावलेलं चिकन थेट आगीवर शिजवलं नाही.

इथे एक गल्लत होते. चिकनला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, तो मुख्यतः साखर करपून येत नाही. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि मांसातली थोडीशी नैसर्गिक साखर यांच्या अभिक्रियेतून तो येतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. साधारण 140 अंशांपासून ती जोरात चालते. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. म्हणजे चांगला रंग हवा असेल तर रबमध्ये साखर वाढवण्यापेक्षा तुकडा कोरडा करणं जास्त उपयोगी. रब लावण्याआधी कागदी टिश्यूनं दाबून टिपून घ्या. हे साधं काम न करता महागाचा मसाला चोळणारे पाहिले की मला वाईट वाटतं.

तर नेम असा ठेवा. पातळ, बोनलेस, लवकर शिजणारे तुकडे थेट निखाऱ्यावर जाणार असतील तर बिनसाखरेचा रब. हाडाचे, जाड, अर्धा-पाऊण तास बाजूच्या धगीवर शिजणारे तुकडे असतील तर साखर चालते, शोभतेही, कारण सावकाश वितळून ती चकाकी आणते. थेट आगीवर गोडवा हवाच असेल तर शेवटच्या तीन-चार मिनिटांत वरून भुरभुरा.

साखरेखालोखाल करपणाऱ्या गोष्टींत पॅप्रिका आणि लसूण पावडर येतात. पॅप्रिका म्हणजे गोड्या मिरचीची पूड. तिच्यात मिरचीतली साखर असतेच, शिवाय ती अगदी बारीक असते, त्यामुळे लवकर काळवंडते. तिचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून थोडं तेल असलं तर रंग खुलतो आणि करपणंही जरा लांबतं. लसणाची वस्त्रगाळ पावडर टाळा, दाणेदार लसूण घ्या, तो धग जास्त वेळ सोसतो. ताजा लसूण रबमध्ये नकोच, तो ओलसर असतो आणि जाळीवर काळ्या ठिपक्यांसारखा चिकटतो. वाळलेल्या पानांत रोझमेरी, थाइम, ओरेगानो आगीला टिकतात. बेसिल आणि पार्सली टिकत नाहीत, त्यांचा वास उडून जातो आणि गवताची चव मागे राहते. ती घालायची तर ताजी चिरून, चिकन उतरवल्यावर.

स्मोक्ड पॅप्रिकाबद्दल माझं एक ठाम मत आहे. स्पेनमधल्या ला वेरा भागात मिरच्या ओकच्या धुरावर वाळवून ती करतात आणि ती फार सुंदर वस्तू आहे. पण तुमचं ग्रिल कोळशाचं आहे. निखाऱ्यावर गळणारी चरबी आणि रस जळून स्वतःचा धूर देतातच. त्यावर पुन्हा स्मोक्ड पॅप्रिका जास्त झाली तर चिकनला राखेसारखी एकसुरी चव येते. गॅसच्या किंवा विजेच्या ग्रिलवर ती खरी उपयोगाची. कोळशावर साधी पॅप्रिका घ्या, किंवा दोन्ही मिसळून स्मोक्डचा वाटा चौथाईच्या आत ठेवा.

मग चव कशी निवडायची? मी पाच जागा धरतो आणि प्रत्येक जागी एक-दोनच माणसं बसवतो. पाया म्हणजे पॅप्रिका किंवा धणे, मऊ, भरीव, ज्यांचं प्रमाण जास्त झालं तरी बिघडत नाही. ऊब देणारे जिरे आणि मिरे. तिखटपणाला मिरचीपूड. खमंगपणाला लसूण, कांदा पावडर, किंवा वाळलेल्या मशरूमची पूड, जिच्यात ग्लुटामेट हा खमंग चव देणारा घटक नैसर्गिकरीत्या भरपूर असतो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये याच ग्लुटामेटच्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पाचवी जागा आंबटाची, आणि बहुतेक रबमध्ये तीच रिकामी असते. लिंबाच्या सालीची वाळलेली पूड, सुमाक (एका झुडपाच्या आंबट फळांची पूड), आमचूर किंवा चिमूटभर सायट्रिक ॲसिड, यांपैकी काहीतरी घाला. चिकन मुळात सौम्य आहे. आंबटाशिवाय मसाला नुसता जड लागतो, दुसऱ्या तुकड्यालाच तोंड भरून येतं. लवंग, जायफळ, दालचिनी, चक्रीफूल यांच्याशी जपून. दोनशे ग्रॅम रबमध्ये यांतल्या एकाचा पाव छोटा चमचा पुरे. लवंगेतलं युजेनॉल जिभेला बधिरपणा आणतं आणि मग बाकीच्या मसाल्यांवर केलेली मेहनत कळतच नाही.

तिखटपणाचं मोजमाप करणारी स्कोव्हिल पट्टी तुम्ही ऐकली असेल. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञानं ती मांडली, तीही 1912 मध्येच. केयेन मिरची त्या पट्टीवर साधारण 30,000 ते 50,000 एकक भरते, गोडी पॅप्रिका काही शेकड्यांत. रबच्या दृष्टीनं यातून एवढंच घ्यायचं की पॅप्रिकाच्या जागी तितकंच तिखट कधीही घालू नये. रंगाचं माप पॅप्रिकानं पुरं करा, तिखटाचं वेगळं ठरवा. आठ जणांत कोणी ना कोणी कमी तिखट खाणारं असतंच. ज्याला हवं त्याला वरून भुरभुरता येतं, पण लावलेलं काढता येत नाही.

दळण कसं असावं, यावर कोणी बोलत नाही, पण खाताना ते फार जाणवतं. सगळा मसाला वस्त्रगाळ असेल तर तो ओलाव्यात भिजून चिखल होतो आणि एकदम करपतो. सगळा भरड असेल तर चिकटत नाही, उलटताना जाळीतून खाली पडतो. मी पॅप्रिका आणि तिखट बारीक ठेवतो, मिरे आणि धणे खलबत्त्यात जाडसर कुटतो. मग दाताखाली मधूनच एखादा धणा फुटतो. मिरे तर त्याच दिवशी कुटा, त्यांचा वास एका आठवड्यात निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. अख्खे मसाले नीट बंद डब्यात तीन-चार वर्षंही टिकतात, दळलेले मात्र वर्षाच्या आत संपवावेत. तुमच्या तिन्ही बरण्या उघडून चिमूटभर रब तळहातावर चोळा. वास वर आला नाही तर तारीख काहीही असो, तो रब संपला असं समजा.

कुटण्याआधी मसाले भाजावेत का? बाजूच्या मंद धगीसाठी करत असाल तर हलके भाजा. थेट निखाऱ्यासाठी कच्चेच कुटा, कारण जाळीवर ते भाजले जाणारच आहेत, आणि दोनदा भाजलेलं जिरं कडवट होतं.

घरी करायचा झाला तर माझा रोजचा बिनमिठाचा, बिनसाखरेचा रब असा आहे, मापं सपाट मोठ्या चमच्यांची: साधी पॅप्रिका 4, धणे जाडसर कुटून 2, मिरे जाडसर कुटून 2, दाणेदार लसूण 2, जिरेपूड 1, वाळलेला थाइम किंवा ओरेगानो 1, लिंबाच्या सालीची पूड किंवा सुमाक 1, मिरचीपूड अर्धा. किलोभर चिकनला यातले दोन मोठे चमचे लागतात. बाजूच्या धगीवर सावकाश करायचं असेल तर याच मिश्रणात तीन चमचे ब्राउन शुगर घालतो. ब्राउन शुगर ओलसर असते आणि बरणीत गठ्ठे करते, म्हणून ती साठवणीच्या रबमध्ये न घालता लागेल तेव्हा मिसळा.

नवीन रब पहिल्यांदाच वापरत असाल तर पाहुण्यांच्या चिकनवर प्रयोग नको. बोटभर तुकडा कापा, मीठ आणि रब लावा, कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून भाजून, नीट शिजवून खा. नुसती चिमूट जिभेवर ठेवून काही कळत नाही, कोरडा मसाला कच्चा लागतो आणि आगीवर त्याची चव पार बदलते. तव्यावर तो काळा पडला तर निखाऱ्यावर पडणारच. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

लावण्याबद्दल थोडंसं. बोनलेस तुकड्याला मीठ मुरल्यावर टिपून घ्या, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, मग रब उंचावरून भुरभुरा आणि तळव्यानं दाबा. रगडू नका, रगडल्यानं मसाला एका जागी गोळा होतो आणि तिथेच करपतो. तुकड्याचं मांस मसाल्यातून जरा दिसत राहिलं पाहिजे, इतपतच थर. कातडी असलेल्या तुकड्याला तेल नको, तिची स्वतःची चरबी पुरते. तिथे मसाल्यातला निम्मा भाग बोटानं कातडी सैल करून आत, मांसावर लावा. कातडीखाली तो आगीपासून वाचतो आणि सुटणाऱ्या चरबीत त्याचा वास उतरतो. ही युक्ती मला सगळ्यात प्रिय आहे. कातडी कुरकुरीत हवी असेल तर आदल्या रात्रीच्या मिठात किलोमागे दोन छोटे चमचे बेकिंग पावडर मिसळा. तिनं कातडीचा आम्लपणा कमी होतो आणि रंग लवकर येतो. खायचा सोडा मात्र घालू नका, साबणासारखी चव येते.

कच्च्या चिकनला लागलेला हात बरणीत जाऊ देऊ नका. लागेल तेवढा रब आधी वाटीत काढा, वाटीत उरलेला टाकून द्या. साल्मोनेला कोरड्या मसाल्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो. चिकन नळाखाली धुण्याचीही गरज नाही. त्यानं जंतू जात नाहीत, शिंतोडे ओटाभर उडतात. बरणी थेट ग्रिलवर धरून भुरभुरू नये. खालची वाफ आत जाते आणि आठवड्यात रबचा दगड होतो.

आणि थर्मामीटर. मसाल्याच्या रंगावरून चिकन शिजलं की नाही ते अजिबात कळत नाही, लाल रबखाली तर नाहीच. अमेरिकेच्या कृषी खात्यानं चिकनसाठी ठरवलेला सुरक्षित आकडा 74 अंश सेल्सिअस आहे. सळई सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. ब्रेस्ट 74 ला लगेच उतरवा. लेग पीस 80-85 पर्यंत जाऊ द्या, कारण त्यातले चिवट धागे तिथे जाऊन मऊ होतात आणि तो तुकडा कोरडा पडत नाही.

तर तुमच्या तीन बरण्या. आदल्या रात्री सगळ्या चिकनला मीठ लावून ठेवा, पण त्याआधी तिन्ही बरण्यांवरचं सोडियम बघा आणि रबमधून जेवढं मीठ येणार आहे तेवढं वजा करा. लेमन-पेपरमध्ये बहुतेक वेळा मीठच पहिलं असतं. तसं असेल तर ज्या तुकड्यांना तो लावणार, त्यांना वेगळं मीठ लावू नका, तो रबच रात्री लावा. ब्रेस्टला हाच रब घ्या. मिरे आणि लिंबाची साल जाडसर असतात, थेट आगीवर टिकतात, आणि ब्रेस्टला आंबटाची सगळ्यात जास्त गरज असते. यादीत साखर आहे का तेवढं बघा. पहिल्या तीन नावांत असेल तर ब्रेस्टला तिखट-लसूण-ओरेगानोचा रब लावा.

लेग पीसच्या कातडीखाली तिखट-लसणाचा रब भरा आणि ते बिननिखाऱ्याच्या बाजूला, झाकण लावून ठेवा. वरच्या कातडीला ब्राउन शुगरचा रब अगदी पातळ. याच बरणीनं मागच्या वेळी दगा दिला, पण तिची जागा इथेच आहे. लेग पीस आधी चढवा, त्यांना 35 ते 45 मिनिटं लागतील. ते 75 अंशांच्या आसपास आले की ब्रेस्ट निखाऱ्याच्या वर टाका, जाडीप्रमाणे दर बाजूला पाच-सहा मिनिटं. ब्रेस्ट उतरवून पाच मिनिटं मुरू द्या, आणि तेवढ्या वेळात लेग पीस कातडीची बाजू खाली करून निखाऱ्यावर मिनिटभर धरा. चिमटा हातातच ठेवा, नजर हलवू नका. त्या मिनिटात साखर तांबूस होऊन कातडीवर बसते, आणि कडेला पहिला काळा ठिपका दिसला की लगेच उचलायचं.